जास्तीचा पगार, वसुली आणि माफी: नागपुरातून सतत येणारे प्रश्न

लहानपणी शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावली, ती सरकारी नोकरीतली अख्खी पिढी ३१ मे रोजी निवृत्त होते. त्यामुळे मार्च-एप्रिलपासून फोन सुरू होतात. ‘वेतन पडताळणी पथकाकडून सेवापुस्तक परत आलं, दोन लाख ऐंशी हजार वसुली काढली आहे’ असं पलीकडून ऐकू येतं, म्हणजे आजवर चुकून जास्त दिलेला पगार परत मागितला आहे. नोकरीची सगळी वर्षं लेखाशाखेत काढल्यामुळे ही प्रकरणं मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. सारखं विचारलं जातं तेवढंच इथे दिलं आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझा पगार दर महिन्याला नियमानेच निघत होता. मग एकदम एवढी वसुली कुठून आली?

बहुतेक वेळा मुळाशी एकच चुकीची वेतननिश्चिती, म्हणजे श्रेणीत मूळ वेतन किती बसतं हे ठरवण्यातली चूक असते. कालबद्ध पदोन्नती किंवा आश्वासित प्रगती योजनेचा (ठरावीक वर्षं सेवा झाली की वरची श्रेणी देण्याचा) लाभ देताना एक टप्पा वर लागतो, पदोन्नतीच्या वेळी वेतनवाढ दोनदा धरली जाते, किंवा बिनपगारी रजेमुळे पुढे जायला हवी होती ती वेतनवाढीची तारीख तशीच राहते. त्यानंतरची प्रत्येक वेतनवाढ आणि पुढच्या वेतन आयोगाची निश्चिती त्या चुकीच्या आकड्यावर चढत जाते.

हिशेब करून बघा. मूळ वेतनात फक्त १,००० रुपयांचा फरक आणि महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर महिन्याला १,५०० रुपये होतात. दहा वर्षांत १ लाख ८० हजार. घरभाडे भत्त्यातला फरक आणखी वेगळा.

हे निवृत्तीच्या तोंडावरच का निघतं? कारण पेन्शनची कागदपत्रं महालेखाकार कार्यालयात जाण्याआधी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं, आणि अनेकांच्या बाबतीत वीस-पंचवीस वर्षांची निश्चिती तेव्हाच पहिल्यांदा कोणीतरी ओळ न् ओळ वाचतं. प्रत्येक वेतन आयोगानंतर पुस्तक पथकाकडे गेलं पाहिजे. ते जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

२. चूक ऑफिसची, सही साहेबांची. पैसे मी का भरायचे?

राग योग्य आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा करदात्यांचा पैसा आहे. तो देणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. कर्मचाऱ्याने लबाडी केली नव्हती एवढ्यावरून रक्कम ठेवून घेण्याचा हक्क तयार होत नाही.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. डिसेंबर २००८ च्या सय्यद अब्दुल कादिर निकालात बिहारच्या शिक्षकांकडून वसुली करू नये असं ठरलं, कारण त्यांनी काही लपवलं नव्हतं आणि शासनानेच नियमाचा चुकीचा अर्थ लावून पैसे दिले होते. हा हक्क नाही, न्यायबुद्धीने दिलेली सवलत आहे, असंही तिथेच नमूद आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. निवेदनात ‘माझा हक्क आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘या वसुलीने माझ्यावर अन्याय्य बोजा पडतो’ असं लिहिलेलं जास्त चालतं.

३. सगळे ‘रफिक मसीह’ म्हणतात. त्यात नेमकं आहे काय?

पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह, सर्वोच्च न्यायालय, १८ डिसेंबर २०१४. आधीच्या निकालांत ओढाताण होती म्हणून न्यायालयाने पाच परिस्थिती सांगितल्या, ज्यांत वसुली करता येत नाही. पहिली, कर्मचारी वर्ग तीन किंवा वर्ग चारचा, म्हणजे आपल्याकडे गट क किंवा गट ड मधला असेल. दुसरी, तो निवृत्त झालेला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात होणार असेल. तिसरी, आदेश निघण्याआधी पाच वर्षांहून अधिक काळ जास्तीची रक्कम दिली गेली असेल. चौथी, त्याला चुकून वरच्या पदाचं काम करायला लावलं असेल आणि पगार त्या पदाचा दिला असेल. पाचवी म्हणजे वसुली इतकी जाचक किंवा मनमानी ठरत असेल की शासनाच्या वसुलीच्या अधिकारापेक्षा कर्मचाऱ्याचं नुकसान कितीतरी मोठं वाटावं.

पाचपैकी एक लागू पडली तरी पुरे, पाचही लागत नाहीत. तरी निवेदनात जेवढ्या लागतात तेवढ्या सगळ्या लिहा. नागपुरातला निवृत्तीला सात महिने उरलेला वरिष्ठ लिपिक एकाच वेळी पहिल्या तिन्हींत बसू शकतो, पण निवेदनात लिहितो फक्त ‘मी गरीब कर्मचारी आहे’.

४. वसुली माफ झाली म्हणजे पगार आणि पेन्शन आहे तसंच राहणार ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. माफ होते ती मागची वसुली; चुकीची निश्चिती कायम होत नाही. कार्यालय पगाराची पुनर्निश्चिती करू शकतं आणि पेन्शन, उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) दुरुस्त झालेल्या शेवटच्या वेतनावरच बसतं.

म्हणून आक्षेप आला की दोन वेगळे प्रश्न विचारा. निश्चिती खरंच चुकली आहे का? आणि चुकली असेल तर वसुली करता येते का? पुष्कळ जण पहिला प्रश्न सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारतात. पथकाचेही आक्षेप चुकतात. एखादा शासन निर्णय नजरेतून सुटलेला असतो, विकल्पाचा अर्ज पुस्तकात डकवलेला नसतो. आयुष्यभराची पेन्शन पहिल्या प्रश्नावर ठरते. दीड लाख वाचवण्याच्या नादात महिन्याची दोन हजार पेन्शन गमावू नका.

५. भाऊ, सहाव्या-सातव्या वेतन आयोगाच्या वेळी मी हमीपत्रावर सही केली होती. आता माझं काही खरं नाही का?

ही सगळ्यात बोचरी बाब आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सुधारित वेतनाचा विकल्प देताना सगळ्यांकडून छापील हमीपत्र म्हणजेच वचनपत्र घेतलं गेलं: निश्चिती चुकीची आढळली तर जादा रक्कम परत करीन. २९ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगदेव सिंग प्रकरणात म्हटलं की असं वचनपत्र दिलेल्याला रक्कम परत करावी लागेल हे आधीच ठाऊक होतं. तो निवृत्त झाला असला तरी बांधील आहे. तेव्हापासून प्रत्येक कार्यालयाच्या उत्तरात हा निकाल असतो.

पण तो निकाल न्यायिक अधिकाऱ्याचा होता, शिपायाचा किंवा लिपिकाचा नाही. तिथे चर्चा झाली ती रफिक मसीहमधल्या दुसऱ्या परिस्थितीची, म्हणजे निवृत्तांची. गट क आणि गट ड साठीची पहिली परिस्थिती त्याने पुसलेली नाही, असा युक्तिवाद प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे आणि उच्च न्यायालयात होतो आणि अनेकदा मान्यही होतो. त्यामुळे तीन गोष्टी तपासा. वचनपत्र खरोखर पुस्तकात आहे का, की ‘सगळ्यांनी दिलंय’ एवढ्यावर चाललं आहे? ते कोणत्या निश्चितीसाठी होतं? २००९ चं वचनपत्र १९९८ मधल्या कालबद्ध पदोन्नतीच्या चुकीला कसं लागू होईल? आणि त्यावर तारीख काय आहे? निवृत्तीच्या आदल्या महिन्यात, ‘सही करा नाहीतर पेन्शन अडकेल’ असं सांगून घेतलेल्या कागदाचं वजन वेगळं असतं.

आज कोणी असा कागद पुढे केला तर ‘हक्क राखून, निषेधासह’ असं आपल्या हाताने लिहा, मग सही करा, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

६. मी गट ब मध्ये आहे, निवृत्तीला आठ वर्षं आहेत. मला काही आशा?

आहे, पण वाट अरुंद आहे. पहिल्या दोन परिस्थिती तुमच्या हातून गेल्या. उरतात शेवटच्या तीन. जास्तीची रक्कम दिली गेली तेव्हा तुम्ही गट क मध्ये होतात आणि पदोन्नती नंतर झाली, तर दोन्ही तारखा निवेदनात ठळक लिहा. काहीच लागू पडत नसेल तर माफीच्या मागे न लागता हप्ते वाढवून मागा. जगदेव सिंग प्रकरणातही वसुली कायम ठेवताना न्यायालयाने ती दोन वर्षांच्या वाजवी हप्त्यांत करायला सांगितलं होतं.

७. ऑफिस म्हणतं, पाच वर्षांपूर्वीची रक्कम सोडतो, शेवटच्या पाच वर्षांची भरा. हे बरोबर आहे का?

कार्यालयांना हा अर्थ सोयीचा पडतो. रफिक मसीह निकालाचे शब्द मात्र ‘पाच वर्षांहून अधिक काळ जास्तीचं प्रदान झालं असेल तर’ असे आहेत. म्हणजे चूक बारा वर्षं चालू असेल तर प्रकरणच तिसऱ्या परिस्थितीत येतं. रकमेचे दोन तुकडे करायला तिथे सांगितलेलं नाही. लेखी उत्तरात हे शब्द उतरवा. तोंडी तडजोड करू नका, कारण पाच वर्षांची रक्कम ‘स्वखुशीने’ भरली की उरलेल्या वादातली हवाच निघून जाते.

८. नोटिशीत ‘नियम १३४-अ’ लिहिलंय. हा नियम काय आहे?

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला हा नियम निवृत्तीनंतर आढळलेली जास्तीची रक्कम पेन्शनमधून वसूल करण्याचा अधिकार देतो. कार्यालयाचं बोट पहिल्या वाक्यावर असतं. तुम्ही खालची दोन परंतुकं, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटी वाचा. एकानुसार पेन्शनधारकाला कारणं दाखवायची वाजवी संधी द्यावी लागते. दुसऱ्यानुसार हप्ते पाडता येतात, म्हणजे पेन्शन ठरवलेल्या किमान रकमेच्या खाली जात नाही. वसुलीचा अधिकार आहे म्हणजे प्रत्येक वसुली न्याय्य आहे असं होत नाही. तिथे प्रश्न ३ पुन्हा उभा राहतो.

९. नोटीस नाही, काही नाही, या महिन्याच्या पगारातूनच कापले. पहिलं काय करू?

घरी बसून चिडू नका, आवक शिक्क्यासह निवेदन द्या. त्यात तीन मागण्या ठेवा: वसुलीचा आदेश आणि वर्षनिहाय हिशेबाचा तक्ता द्या, म्हणणं ऐकल्याशिवाय कपात थांबवा, सेवापुस्तकाची प्रत द्या. प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. तिथे आयुष्याची कहाणी लिहू नका.

नैसर्गिक न्यायाचा भंग हा मुद्दा भक्कम आहे, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. तेवढ्यावर आदेश रद्द झाला तर कार्यालय नोटीस देऊन तोच आदेश पुन्हा काढतं.

१०. पथकाने आक्षेप घेतला म्हणजे वसुलीचा आदेश झाला का?

नाही. पथक आक्षेप घेतं. पुनर्निश्चिती आणि वसुलीचा आदेश तुमचा कार्यालयप्रमुख काढतो. सिव्हिल लाइन्समधलं महालेखाकार कार्यालयही विदर्भ-मराठवाड्याची पेन्शन प्रकरणं तपासून त्रुटी दाखवतं, तुमच्या खिशात हात घालत नाही. ‘आमच्या हातात काही नाही, पथकाचंच आहे’ हे आस्थापना लिपिकाचं वाक्य अर्धंच खरं. आक्षेपाला उत्तर देऊन पुस्तक फेरपडताळणीसाठी पाठवता येतं. निश्चिती बरोबर असेल तर ते उत्तर आधाराच्या शासन निर्णयांसह तुम्हीच लिहून द्या. लिपिकाकडे तुमच्यासारखी चाळीस पुस्तकं पडलेली असतात.

एक नागपुरी सूचना: हे काम नोव्हेंबरच्या आत उरका. डिसेंबरात अधिवेशन लागलं की अर्धा स्टाफ ड्युटीवर आणि उरलेला अर्धा तारांकित प्रश्नांच्या उत्तरांत बुडालेला.

११. गडचिरोलीला असताना एकस्तर मिळत होती. नागपूरला बदली झाली तरी तोच पगार चालू राहिला. आता वसुली निघाली.

विदर्भात हा प्रश्न इतका येतो की त्याचा वेगळा कप्पा करावा लागला. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने वरच्या पदाच्या वेतनश्रेणीचा लाभ, म्हणजेच एकस्तर मिळतो, पण त्या भागात काम करत असेपर्यंतच. बाहेर बदली झाली की पगार मूळ श्रेणीत यायला हवा. शेवटचं वेतन प्रमाणपत्र जसं येतं तसं नागपूरला ‘सेवार्थ’ या पगाराच्या संगणक प्रणालीत भरलं जातं आणि चूक दहा-दहा वर्षं झोपून राहते.

निश्चिती चुकली यावर इथे फारसा वाद होत नाही, त्यामुळे सगळा भर वसुलीच्या प्रश्नावर ठेवा. शेवटच्या वेतन प्रमाणपत्रात एकस्तरचा उल्लेख होता का, हे जरूर पाहा. उल्लेख असूनही नव्या कार्यालयाने पगार कमी केला नसेल तर चूक कोणाची हे कागदच सांगतो. ‘चौथ्या परिस्थितीत बसतो’ असं मात्र लिहू नका; तुम्हाला वरच्या पदाचं काम दिलं नव्हतं, फक्त श्रेणी दिली होती.

१२. एमएस-सीआयटी उशिरा पास झालो म्हणून जुन्या वेतनवाढींची वसुली लावली आहे.

भाषा परीक्षेचंही असंच असतं. तुम्हाला परीक्षेतून सूट लागू होती का, हे आधी पाहा. असेल तर निश्चितीच बरोबर ठरते आणि विषय तिथेच संपतो. नसेल तर दरवर्षी वेतनवाढ देताना कार्यालयाने प्रमाणपत्र मागितलं होतं का, हा मुद्दा घ्या. तुम्ही पास असल्याचं खोटं सांगितलं नसेल तर ही तुमची दिशाभूल ठरत नाही. पुढे प्रश्न ३ आणि ७.

१३. आमचे साहेब चांगले आहेत. ते स्वतःच माफ करू शकत नाहीत का?

चांगले असले तरी नाही. कार्यालयप्रमुख पुनर्निश्चिती तपासू शकतो, हप्ते पाडू शकतो, अनुकूल अभिप्रायासह प्रस्ताव विभागाकडे पाठवू शकतो. शासकीय रक्कम स्वतःच्या सहीने सोडून देऊ शकत नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी कार्मिक विभागाचं २ मार्च २०१६ चं ज्ञापन आहे. त्यात रफिक मसीहच्या पाचही परिस्थिती उतरवल्या आहेत, पण माफीसाठी केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाची स्पष्ट मंजुरी लागते. साहेबांकडे वसुलीची माफी मागू नका, अभिप्राय मागा. न्यायाधिकरणात तो एक परिच्छेद फार कामाला येतो.

१४. मॅटमध्ये जायचं की हायकोर्टात?

तुमचा मालक कोण, यावर ते ठरतं. राज्य शासनाचे कर्मचारी असाल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं (मॅट) नागपूर खंडपीठ. जिल्हा परिषद, महानगरपालिका किंवा अनुदानित खासगी शाळा असेल तर मॅटचा संबंध नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका. केंद्र सरकारचे असाल तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. त्याच्या मुंबई खंडपीठाची फिरती बैठक नागपुरात होते.

न्यायाधिकरणात मुदत अंतिम आदेशापासून एक वर्षाची. निवेदन दिलं आणि उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि त्यापुढे एक वर्ष मोजायचं. निवेदनांवर निवेदनं दिल्याने मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करावा लागतो.

१५. उपदान अडकू नये म्हणून मी चलनाने पैसे भरून टाकले. आता परत मिळतील?

मिळू शकतात. पाच परिस्थितींत बसणाऱ्यांना कापलेली रक्कम परत करण्याचे आदेश न्यायालयं देतात. अडचण एवढीच की ‘स्वेच्छेने भरले’ असं कार्यालय म्हणणार. भरताना दिलेलं पत्र, उपदान रोखल्याचा तोंडी निरोप, ना देय (काही येणं बाकी नसल्याचं) प्रमाणपत्र थांबवल्याची तारीख, यांतलं जे कागदावर आहे ते जोडा. भरणं टळत नसेलच तर चलनासोबत ‘निषेधासह भरणा’ असं पत्र त्याच दिवशी आवक करा. शासनाच्या दिरंगाईने उपदान रखडलं असेल तर त्यावरच्या व्याजाची मागणी वेगळ्या अर्जाने करा. दोन्ही मिसळू नका.

१६. पेन्शन बँकेने जास्त दिली आणि आता बँकच कापते आहे. हेही तसंच का?

तत्त्व सारखं, पण इथे आधी विचारायचं की कापणारा कोण. २०२० साली आपल्याच नागपूर खंडपीठापुढे भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या, पंच्याऐंशीच्या घरातल्या पेन्शनरचं प्रकरण होतं. पेन्शन ठरवण्याचा अधिकार मालकाचा आहे, बँकेने स्वतःच ती चुकीची ठरवून कपात करू नये, असं न्यायालयाने सांगितलं. कापलेली रक्कम परत करायला लावली आणि वर ५० हजार रुपये खर्चही बसवला. त्यामुळे बँकेला पहिला प्रश्न: पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाचं पत्र दाखवा.

१७. माझे पती नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जास्तीच्या पगाराची वसुली माझ्या पैशातून करताहेत.

ताई, मृत्यू उपदानातून शासकीय येणी वळती करायचा प्रघात आहे, त्यामुळे कार्यालय आधी तिथेच हात घालतं. पण चूक तुमच्या पतीची नव्हती, तिचा खुलासा करायला ते नाहीत आणि तुम्हाला त्या निश्चितीतलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पाचवी परिस्थिती इतकी चपखल बसेल अशी उदाहरणं थोडीच असतात. ते गट क किंवा ड मध्ये असतील तर पहिलीही जोडा. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज या वादासाठी थांबवू नका आणि थांबवू देऊही नका. कोऱ्या संमतीपत्रावर सही मागितली तर भावाला किंवा मुलाला सोबत घेऊन वाचा, मगच ठरवा.

१८. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी वसुली निघाली तर?

थॉमस डॅनियल निकाल जोडा. केरळमधले हे शिक्षक १९९९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी त्यांच्यावरची वसुली रद्द केली, कारण लबाडी नव्हती, नियमाचा अर्थ चुकला होता.

१९. खरं सांगतो, पगार जास्त येतोय हे मला चार महिन्यांपूर्वीच कळलंय. गप्प बसू का? पाच वर्षं झाली की माफच होईल.

हा प्रश्न विचारणारे दर वर्षी दोन-तीन तरी भेटतात, आणि कोणी आपलं नाव सांगत नाही.

गप्प बसू नका. सवलतीचा सगळा पाया ‘मला माहीत नव्हतं’ हाच आहे. रक्कम जास्त येते हे कर्मचाऱ्याला ठाऊक होतं, किंवा चूक थोड्याच काळात उघड झाली, तर न्यायालय वसुलीत हात घालेलच असं नाही. सय्यद अब्दुल कादिर निकालातच तसं म्हटलं आहे. खोटं प्रमाणपत्र किंवा शासकीय घर असताना उचललेला घरभाडे भत्ता यांना तर माफीचा प्रश्नच नाही. तिथे विभागीय चौकशीची तयारी ठेवावी लागते.

आज चार महिन्यांची रक्कम सात-आठ हजार असेल. आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला चार ओळींचं पत्र द्या, शिक्क्याची प्रत घ्या, रक्कम दोन हप्त्यांत कापायला सांगा. पत्र देऊनही त्यांनी पगार दुरुस्त केला नाही, तर तीच प्रत पुढे तुमच्या बाजूचा पहिला पुरावा. ती सेवापुस्तकाच्या दुय्यम प्रतीत लावून घ्या आणि एक घरी ठेवा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली तरी चालेल.